‘तुला काही जमत नाही’ म्हणणाऱ्या मनाशी कसं बोलायचं

समजा, एक बाई आहे. लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आली, मांजलपूरला राहते, अलकापुरीतल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. ऑक्टोबरची वीस तारीख जवळ आलेली, सप्टेंबरचं जीएसटी रिटर्न भरायचं म्हणून मीटिंग. साहेबांनी इनपुट क्रेडिटचा आकडा विचारला, तिने सांगितला, तो निघाला त्याच्या आदल्या महिन्याचा. साहेब म्हणाले, ‘बेन, आ तो ऑगस्टनो आंकडो छे,’ आणि मीटिंग पुढे सरकली. दोन मिनिटांचा मामला. पण संध्याकाळी ॲक्टिव्हावरून घरी येताना, लालबागचा पूल यायच्या आतच डोक्यात पाढा सुरू झालेला असतो: ‘तुला साधा आकडा धड सांगता येत नाही. सगळ्यांसमोर शोभा झाली. नेहमीचंच आहे तुझं. आता कळलंच असेल सगळ्यांना, हिला काही येत नाही म्हणून.’

घरी पोचून कुकर लावेपर्यंत हे सुरू. रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

असं स्वतःला खात बसण्याची सवय ज्यांना आहे आणि ती कमी करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख. आधीच सांगते: हा आवाज कायमचा बंद पाडायच्या मागे लागू नका. तो जे भलंमोठं वाक्य बोलतो, त्याचं लहान आणि खरं वाक्य करायला शिका. पुढे सांगितलेलं सगळं त्यासाठीच आहे, आणि त्याला एक वही, एक पेन आणि रोजची दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

पहिला आठवडा: नुसतं टिपून ठेवा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. मनात जे वाक्य आलं ते जसंच्या तसं लिहा. ‘मला वाईट वाटलं’ हे वाक्य नव्हे, ती भावना झाली. ‘तू बावळट आहेस’ हे वाक्य. त्याच्या बाजूला वेळ, जागा आणि नुकतंच काय घडलं होतं ते. बस.

वाटतं तेवढं हे सोपं नाही, कारण ही वाक्यं फार झटकन येतात आणि इतकी ओळखीची असतात की ऐकूच येत नाहीत. आरन बेक नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाला १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात नेमकं हेच दिसलं. रुग्ण त्याच्याशी मोकळेपणाने बोलत असायचे, पण त्याच वेळी त्यांच्या मनात विचारांची आणखी एक धार वाहत असायची, स्वतःबद्दलच्या ताशेऱ्यांची. ही दुसरी धार रुग्ण त्याला सांगत नसत. लपवायची म्हणून नव्हे. तिकडे त्यांचं स्वतःचंच लक्ष नसायचं. बेकने या विचारांना ‘आपोआप येणारे विचार’ म्हटलं, आणि त्यांना पकडून तपासण्यावर पुढे एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. आज जगभर नैराश्यासाठी आणि चिंतेसाठी ती वापरतात.

वाक्य हाती लागत नसेल तर उलटीकडून जा. छातीत धस्स झालं, पोटात खड्डा पडला, उगाच चिडचिड झाली की तिथेच थांबून विचारा: आत्ता, या क्षणाच्या आधी, मी स्वतःला काय म्हणाले? बहुतेक वेळा काहीतरी सापडतं.

वही कागदाचीच घ्या असं माझं म्हणणं आहे. फोन उघडला की व्हॉट्सॲप उघडतं, आणि तिथे कोणाच्या तरी मुलीला कॅनडाचा व्हिसा मिळालेला असतो.

आपल्या गावाची एक खास गोष्ट इथे बघण्यासारखी आहे. बडोद्यातला मराठी माणूस घरात मराठी, बाजारात गुजराती आणि ऑफिसात निम्मं इंग्रजी बोलतो. मग मन टोमणे कुठल्या भाषेत मारतं? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकांनी आधी ‘माहीत नाही’ म्हटलं आणि दोन दिवसांनी येऊन सांगितलं, ‘मराठीत, आणि तेही आमच्या घरच्या मराठीत.’ कोणाला त्यात आत्याचा सूर ऐकू येतो, कोणाला शाळेतल्या बाईंचा. वहीत तेही लिहा. आवाज कोणासारखा लागतो हे कळलं की तो आपलाच आहे ही खात्री जरा सैल होते.

वाक्य कुठल्या जातीचं आहे ते बघा

आठवड्याने वही वाचायला घ्या. तुम्हाला वाटलं होतं तेवढी वेगवेगळी वाक्यं तिच्यात नसतात. चार-पाचच असतात, आलटून पालटून येणारी. काहींत ‘नेहमी’ नाहीतर ‘कधीच’ असतं. काही दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बोलतात: ‘त्यांना वाटलं असणार’. काही पुढचं भविष्य सांगून मोकळी होतात. काही नुसतं लेबल चिकटवतात: बावळट, आळशी, नालायक. आणि काहींत ‘च’ असतो: मला हे आलंच पाहिजे, माझ्या हातून चूक होताच कामा नये.

हा ‘च’ सगळ्यांत त्रासदायक. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपली पद्धत मांडली ती याच्याच भोवती. आकडा चुकू नये ही इच्छा रास्त आहे. आकडा चुकताच कामा नये ही मागणी आहे, आणि मागणी मोडली की माणूस स्वतःला शिक्षा देत सुटतो. मराठीत ही पद्धत रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा एलिसशी प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द मानसोपचाराच्या संदर्भात कुठे वाचलात तर तो याच पद्धतीबद्दलचा आहे असं समजा.

जात ठरवण्यात फार वेळ घालवू नका. एका वाक्यात तीन-तीन दोष सापडतात, त्यांची वर्गवारी करून कोणी मार्क देणार नाही. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळ्यांना’ आणि ‘च’ यांच्याखाली लाल रेघ ओढा आणि पुढे चला.

हाकलू नका, जरा लांब उभे राहून बघा

या टप्प्यावर नवखा माणूस हमखास एक गोष्ट करतो. वाक्य आलं रे आलं की ‘नाही, असा विचार करायचा नाही’ म्हणून ते दाबायला जातो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. आणि नंतर जेव्हा खुशाल अस्वलाचा विचार करा म्हटलं, तेव्हा या मुलांच्या मनात ते पहिल्यापासून मोकळीक मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त वेळा आलं. दाबलेलं वाक्यही असंच रात्री परत येतं.

मग करायचं काय? याचं एक उत्तर आपल्याच गावात मिळालेलं आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानाच्या नोकरीत होते. पुढे सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, १९०८ च्या जानेवारीत ते पुन्हा इथे आले, तेव्हा त्यांची विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यांशी गाठ पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या एका खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी त्यांना सांगितलं ते थोडक्यात असं: विचार तुमच्या आत तयार होत नाहीत, ते बाहेरून येतात; नीट बघा, आणि आत शिरायच्या आधीच त्यांना परत पाठवा. तीन दिवसांत मन निःशब्द झालं असं अरविंदांनी पुढे सांगितलं आहे.

तुमचं-आमचं मन तीन दिवसांत शांत होणार नाही, आणि तसा हट्ट धरला तर तोच नवा ‘च’ होऊन बसेल. पण त्या सूचनेचा पहिला भाग कोणालाही उचलता येतो: विचार येताना दिसू शकतो. तो दिसला याचा अर्थ बघणारा त्याच्यापासून थोडा वेगळा आहे.

सवय लावण्यासाठी वाक्याला शेपूट जोडा. ‘मला काही जमत नाही’ च्या जागी ‘मला काही जमत नाही, असं वाक्य आत्ता माझ्या मनात आलं.’ आधी लिहून, मग मनातल्या मनात. सुरुवातीला हे बोलणं नाटकी वाटेल. तरी चालू ठेवा. दुसरी युक्ती, स्वतःला नावाने हाक मारायची. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तणावाच्या भाषणाआधी ज्यांनी ‘मी’ न म्हणता स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून समजावलं, त्यांना त्रास कमी झाला आणि भाषणही बरं जमलं. मात्र इथे एक धोका आहे. आपलं मन टोमणाही ‘तू’ म्हणूनच मारतं. म्हणून हाक मारताना पूर्ण नावाने, शाळेत हजेरी घ्यायचे तशी मारू नका. घरी लाडाने जे म्हणतात त्या नावाने मारा.

बडोदेकरांसाठी तिसरी युक्ती: तेच वाक्य गुजरातीत लिहून बघा. ‘ताराथी कशुं थतुं नथी.’ लहानपणी ज्या भाषेत बोलणी खाल्ली नाहीत तिच्यात हे वाक्य परक्या माणसाने परक्या माणसाला म्हटल्यासारखं लागतं. सगळ्यांना याचा उपयोग होतो असं नाही. ज्यांना होतो त्यांना चांगला होतो.

मोठ्या वाक्याचं लहान वाक्य करा

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. इथे घाई करू नका. दिवसाला एकच वाक्य घ्या.

आपल्या अकाउंट्सवाल्या बाईची वही उघडू. डाव्या पानावर लिहिलंय: ‘नेहमीचंच आहे तुझं. हिला काही येत नाही हे सगळ्यांना कळलं असणार.’ लाल रेघ ‘नेहमीचंच’, ‘काही’, ‘सगळ्यांना’ आणि ‘असणार’ या चार शब्दांखाली.

आता एकेका शब्दाला तारीख-वार विचारायचा. नेहमीचंच, म्हणजे कधीकधी? गेल्या वर्षभरात मीटिंगमध्ये किती वेळा चुकीचा आकडा सांगितला? तिला आठवून आठवून आणखी एक प्रसंग सापडतो, मार्चएण्डचा. सगळ्यांना, म्हणजे कोणाला? मीटिंगला पाच जण होते. एक फोनवर होता. साहेबांनी आकडा दुरुस्त केला आणि पुढचा मुद्दा घेतला. कळलं असणार, हे कशावरून? कोणी काही बोललं? नाही. काही येत नाही, तर मग गेल्या बारा महिन्यांची रिटर्नं कोणी तयार केली?

हे प्रश्न उत्तर यावं म्हणून विचारायचे, वाद जिंकायला नव्हे. मनाच्या बाजूने खरं काही निघालं तर तेही लिहायचं. तिच्या बाबतीत निघालं: दोन महिन्यांच्या दोन्ही शीट्स स्क्रीनवर शेजारी शेजारी उघड्या होत्या आणि तिने टॅबवरचं नाव न बघता आकडा वाचला. ही चूक खरी आहे. तिच्यावर पांघरूण घालायचं नाही.

मग उजव्या पानावर लहान वाक्य येतं: ‘सप्टेंबरच्या इनपुट क्रेडिटऐवजी मी ऑगस्टचा आकडा वाचला. साहेबांनी तिथेच दुरुस्त केला. रिटर्न भरायला अजून चार दिवस आहेत. पुढच्या मीटिंगला जाताना ज्या महिन्याचं रिटर्न त्याच महिन्याची शीट उघडी ठेवायची.’

चांगल्या लहान वाक्यात काय असतं ते इथे दिसतं. त्यात तारीख आहे. त्यातला प्रत्येक शब्द साहेबांसमोर वाचला तरी ते ‘बरोबर’ म्हणतील. आणि त्याच्या शेवटी करण्यासारखं काहीतरी आहे. ‘तुला काही येत नाही’ यातून करण्यासारखं काहीच निघत नाही, म्हणूनच ते रात्रभर घोळत राहतं.

लहान वाक्य गोड असायची गरज नाही. ‘मी उत्तम आहे, मी सर्वांना आवडते’ असं रोज आरशासमोर म्हणा, असा सल्ला फार फिरतो. मी तो नवख्या माणसाला कधीच देणार नाही. २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट आहे, त्यांना अशी वाक्यं घोकल्यावर उलट जास्त वाईट वाटतं. कारण उघड आहे. मन लगेच विचारतं, ‘हो का? आणि परवा काय झालं होतं?’ नेमक्या वाक्यावर त्याला असं बोट ठेवता येत नाही.

सूर बदला

कित्येकांचं इथपर्यंत सगळं बरोबर होतं, पण उजवं पानही ते खेकसूनच लिहितात. ‘कळलं ना आता? मग पुढच्या वेळी शीट बघ म्हणजे झालं.’ शब्द नेमके, सूर तोच.

एक परीक्षा आहे. उजवं पान लिहून झालं की कल्पना करा, हेच तुमच्या धाकट्या बहिणीच्या हातून झालं आणि ती रडवेली होऊन फोन करतेय. तिला तुम्ही कुठल्या शब्दांत सांगाल? बहुधा ‘अगं’ने सुरुवात कराल. ‘अगं, होतं असं. दोन्ही शीट्स उघड्या होत्या ना?’ तो ‘अगं’ उजव्या पानावर लिहा. पुरुषांना हे जास्त जड जातं असं मी पाहिलं आहे. मित्राला ‘अरे, सोड ना यार’ म्हणणारा माणूस स्वतःला ते म्हणू शकत नाही. तरी लिहा.

‘स्वतःचे असे लाड केले तर मी आळशी होईन’ ही शंका मराठी घरांत वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाला येते. धाकाशिवाय अभ्यास होत नाही हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची कल्पना मांडल्यानंतर या शंकेचीही तपासणी झाली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या ब्राइन्स आणि चेन या संशोधकांनी विद्यार्थ्यांची शब्दांची एक अवघड परीक्षा घेतली, बहुतेकांना ती जड गेली. त्यानंतर ज्यांना ‘अशी परीक्षा जड जाणं साहजिक आहे, स्वतःवर कठोर होऊ नका’ अशा अर्थाचं सांगितलं गेलं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला. ज्याला चुकीची भीती कमी, त्याला चुकीकडे बघायची हिंमत जास्त.

रात्रीचं काय

रात्री वही घेऊन बसू नका. थकलेलं मन लहान वाक्यं करू शकत नाही, ते फक्त मोठी करतं. संध्याकाळी, जेवणाआधी पंधरा मिनिटं ठरवून ठेवा. रात्री वाक्य आलंच तर त्याला सांगा, उद्या सात वाजता. उशाशी चिठ्ठी ठेवून दोन शब्द लिहिलेत तर मनाला ते विसरलं जाण्याची भीती राहत नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता खरोखर बसा, नाहीतर मन तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचं सोडून देईल.

डोकं अगदीच भणभणलं असेल तर कागदही नको. आधी शरीर हलवा. कमाटी बागेत एक फेरी मारा, भांडी घासा, श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडताना थोडा जास्त लावा. मग वही.

बाहेर जाऊन तपासा

काही वाक्यं वहीत सुटत नाहीत, कारण त्यांचं उत्तर दुसऱ्याच्या डोक्यात असतं. ‘सगळ्यांना कळलं असणार’ हे त्यातलंच. त्यासाठी लहानसा प्रयोग करायचा. आपली बाई दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी शेजारच्या सहकारिणीला विचारते, ‘काल मी आकडा चुकीचा सांगितला, मीटिंग लांबली का गं त्याने?’ विचारण्याआधी वहीत लिहून ठेवायचं, मला काय उत्तर येईल असं वाटतं. नंतर खरं काय आलं ते त्याखाली. अंदाज आणि उत्तर यांच्यातलं अंतर आठ-दहा वेळा स्वतःच्या अक्षरात दिसलं की मनाच्या भविष्यवाणीचा भाव आपोआप उतरतो.

उत्तर कधी खरंच बोचरं येतं. तेही चालेल, आता ते एका माणसाचं, एका दिवसाचं मत आहे आणि त्याच्यावर काहीतरी करता येतं. मात्र प्रयोगासाठी माणूस निवडताना विचार करा. ज्यांना तुलना करायची सवय आहे अशा नातेवाइकांना, आणि तेही दिवाळीच्या फराळाला, हे विचारू नका.

अडेल तिथे

दोन-तीन आठवड्यांनी वही मागे पडते, आणि मग ‘बघ, हेही धड केलं नाहीस’ असं वाक्य येतं. त्यालाच डाव्या पानावर घ्या आणि तिथून पुन्हा सुरू करा. घरच्यांनी वही वाचली तर काय, ही काळजी असेल तर आठवड्याने पानं फाडून टाका. काम लिहिण्यात आहे, साठवण्यात नाही. आणि ज्या घरात किंवा ऑफिसात कोणी खरोखरच रोज पाणउतारा करतं, तिथे एकट्या वहीवर भिस्त ठेवू नका. तो आवाज बाहेरचा आहे, त्याचा बंदोबस्तही बाहेरच करावा लागतो.

डॉक्टरांकडे कधी

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, रोजची कामं होत नसतील, तर वाट बघू नका. आसपास कोणी नसताना बोलण्याचे आवाज कानांनी ऐकू येत असतील, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर त्याच दिवशी मदत घ्या आणि एकट्याने राहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर दिवस-रात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठी किंवा गुजरातीतून बोलता येतं. बडोद्यात कारेलीबागला सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे.

जाताना वही बरोबर न्या. हे कधीपासून होतंय, झोप किती लागते, आधीची औषधं कोणती चालू आहेत, थायरॉईड वगैरेची तपासणी कधी झाली, हे शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर बसल्यावर बोलणं सुचलं नाही तर डावं पान उघडून त्यांच्या हातात द्या.